वपु आवडतात म्हटलं तर एवढं काय बिघडलं?

15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या वहिनीच्या ऑफिसात सगळ्यांना एकेक करून विचारलं, सध्या काय वाचताय आणि आवडता लेखक कोण. वहिनीने सांगितलं, व. पु. काळे. तर मागून एकजण म्हणाला, "दहावीनंतर पण कुणी वपु वाचतं का?" आणि सगळे हसले. वहिनी मला फोनवर हे सांगत होती तेव्हा ती पण हसत होती, पण मला कळत होतं की तिला लागलंय. मग फोन दादाने घेतला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, आमच्या घरातला सगळ्यात जास्त वाचलेला माणूस, आणि तो चक्क त्या हसणाऱ्या माणसाची बाजू घेऊन बोलायला लागला. एक तर खरा वाचणारा माणूस काय वाचतोय ते सांगत फिरत नाही, आणि सांगायचंच असेल तर सांगण्यासारखं काहीतरी वाचावं, असं त्याचं म्हणणं. वर मला म्हणाला, तू तिकडे नेदरलँड्समध्ये बसून इथल्या वाचकांबद्दल बोलू नकोस.

तर मी बोलणार आहे.

मला सांगा, आपल्याकडे नक्की काय सांगितलं की चालतं? सांगितलं तर मिरवलं आणि नाही सांगितलं तर मराठी माणूस वाचतच नाही म्हणून अग्रलेख. पु. लं.चं नाव घेतलं की लोक म्हणतात अजून तिथेच अडकलात का, अरे 'व्यक्ती आणि वल्ली'ला 1965 साली साहित्य अकादमी मिळालंय, ते काय उगाच? खांडेकर आवडतात म्हणून बघा, लगेच जुनाट. मराठीला पहिलं ज्ञानपीठ 1974 ला त्यांच्यामुळे मिळालं हे कुणाच्या लक्षातही नसतं. बरं, मग नेमाडे म्हणावं तर दुसऱ्या बाजूचे तयारच असतात, कोसला तुम्हाला खरंच कळली की 1963 पासून सगळे म्हणतात म्हणून तुम्ही पण म्हणता? म्हणजे कुठलंही नाव घ्या, समोरचा आधी तुमची लायकी बघणार आणि मग पुस्तकाबद्दल बोलणार. खरं तर पुस्तकाबद्दल बोलणारच नाही.

इथे माझ्या टीममधला सगळ्यात सिनियर इंजिनियर, साठीच्या जवळ आलेला माणूस, लंचला चीजचं ब्रेड खाता खाता सांगतो की माझी सगळ्यात आवडती लेखिका आनी एम. जी. श्मिट. ती लहान मुलांसाठी लिहायची. कोणी हसत नाही, उलट बाकीचे त्यांच्या लहानपणीच्या कविता म्हणायला लागतात. माझी शेजारीण बान्तयरच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचते, तो बान्तयर स्वतः ॲमस्टरडॅममध्ये पोलीस होता, आणि ती मला दारात उभी राहून अख्खी गोष्ट सांगते, खुनी कोण ते सोडून. तिला कधी वाटलं नाही की आपण काही भारी वाचत नाही तर गप्प बसावं.

आणि बूकेनवेक! मार्चमध्ये पुस्तकांच्या त्या आठवड्यात ठराविक रकमेची डच पुस्तकं घेतली की एक छोटं पुस्तक भेट मिळतं, दरवर्षी वेगळ्या लेखकाकडून खास लिहून घेतलेलं, आणि कितीतरी वर्षं त्यातल्या एका रविवारी ते पुस्तक दाखवून ट्रेनने फुकट फिरता यायचं. त्या रविवारी डब्यात बसलं की समोरच्याच्या हातात तेच पुस्तक, बाजूच्याच्या हातात तेच, तपासनीस आला की लोक कार्डाऐवजी पुस्तक वर करायचे, आणि मग अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, वाचलंत का, कसं वाटलं. बहुतेक जण म्हणायचे मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं. चालतं ना! नावडलं म्हणायला पण आधी सगळ्यांनी वाचलेलं असावं लागतं. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, फुकट प्रवासासाठी कोणीही पुस्तक हातात धरेल. असेल. पण ट्रेनमध्ये बसल्यावर ते उघडायचे, हे मी बघितलंय.

माझी लेक इथे व्हीडब्ल्यूओला आहे, म्हणजे विद्यापीठात जाणाऱ्या मुलांच्या शाळेत. तिला शाळा संपेपर्यंत डच साहित्यातली किमान 12 पुस्तकं वाचून स्वतःची यादी करायचीय, त्यातली तीन 1880 च्या आधीची, आणि मग त्या यादीवर तोंडी परीक्षा. समोर बसून सांगायचं की हे का निवडलं, हे का नाही आवडलं. आम्ही शाळेत 'माझा आवडता लेखक' निबंध लिहायचो आणि अख्ख्या वर्गाचा आवडता लेखक एकच असायचा, कारण गाईडात तोच होता. तिथेच आपण शिकलो की आवडता लेखक ही दुसऱ्याने तपासायची गोष्ट आहे. माझं तरी हेच मत झालंय.

यावर दादाने मला आकडे पाठवले. 2022 च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, डच मुलांना वाचनात 459 गुण, ओईसीडी देशांची सरासरी 476. म्हणजे एवढं सगळं करून तुमची मुलं सरासरीच्याही खाली. खरंय, इथेही त्यावर भरपूर ओरड चालू आहे आणि लेकीच्या वर्गातली निम्मी मुलं यादीतल्या पुस्तकांचे सारांश वाचून वेळ मारून नेतात हे मला माहीत आहे. पण भारत त्या चाचणीत बसलाच नव्हता, तेव्हा ते आकडे मला दाखवून काय उपयोग? आणि मी कुठे म्हटलं की इथली मुलं हुशार आहेत, मी म्हटलं की इथे सांगायला लाज वाटत नाही.

आता खरं काय ते पण सांगते. इथल्या लायब्ररीतल्या वाचकगटात मला कोणी आवडता लेखक विचारला की माझ्या तोंडून जी. ए. कुलकर्णी येत नाही. यायला पाहिजे, कारण तेच आहेत. पण नाव घेतलं की पुढचा प्रश्न येतो, त्यांचं काय वाचू, आणि मग मला पाच मिनिटं आख्खी भाषाच समजावून सांगावी लागते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते सभ्य हसू येतं. म्हणून मी अरुण कोलटकर सांगते. कोलटकर अर्धे तरी देता येतात, 'जेजुरी' त्यांनी इंग्रजीतच लिहिलं, 1976 ला आलं, कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, लोकांना सापडतं, वाचून परत येतात आणि आवडलं म्हणतात. त्यांची मराठीतली 'भिजकी वही' मात्र माझ्याकडेच राहते. इतकी वर्षं इथे राहून, भाषा शिकून, पासपोर्ट बदलूनसुद्धा या एका प्रश्नाला मी अजून पाहुणीच आहे.

पूर्ण उत्तर मी एकाच ठिकाणी देते, ग्रंथपेटीच्या दिवशी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची मराठी पुस्तकांची पेटी इथल्या मराठी घरांतून फिरते. कोणाच्या तरी हॉलमध्ये ती उघडतात, मुलं खाली लेगो खेळत असतात, आणि मोठी माणसं पुस्तकं उलटून मागचा मजकूर वाचत असतात. आधी नेलेल्याने सांगायचं कसं होतं ते. पुस्तकं मोजकीच, त्यामुळे ज्याला श्याम मनोहर हवे असतात तो पण वपु घेऊन जातो आणि वपुवाली श्याम मनोहर घेऊन जाते, पुढच्या वेळी येऊन सांगते की पहिली पन्नास पानं डोक्यावरून गेली पण सोडवेना. तिथे कोणी कोणाला दहावी विचारत नाही. दादा, तुझ्या आजूबाजूला एवढी मराठी पुस्तकं आहेत ना, म्हणून तुला लोकांच्या आवडीला नाकं मुरडणं परवडतं. आम्हाला नाही परवडत.

लेक मराठी छान बोलते पण वाचायला अक्षर अक्षर लावावं लागतं. तिने विचारलं, आई तुझ्या भाषेतलं काहीतरी दे, तर मी तिला सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'चं जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर दिलं. वाचलं, आवडलं, म्हणाली अजून आहे का असं. दया पवारांचं 'बलुतं' आहे, 1978 चं, तेही पिंटोंनीच 2015 ला इंग्रजीत आणलं. कोसलाचं 'ककून' आहे. त्यानंतर काय देऊ याचा विचार करत बसते मी, आणि तिकडे तुम्ही ठरवताय की कोणता लेखक आवडून घेण्याच्या लायकीचा आहे. मला राग याचाच येतो.

आणि दादाचा जास्त येतो, कारण मी वाचायला लागले ती त्याच्यामुळे. मे महिन्याच्या सुट्टीत तो जे वाचत असेल ते रात्री गच्चीवर आम्हाला सांगायचा, आणि त्यात बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांमधला झुंजार होता, खांडेकर होते, सगळं एकत्र. कुठलं वरचं कुठलं खालचं हे त्याने कधी सांगितलं नाही. आता तोच म्हणतो सांगत फिरू नये.

सध्या माझ्याकडे पेटीतलं वपुंचं 'पार्टनर' आहे, वहिनीशी बोलता यावं म्हणून मुद्दाम आणलं, आणि झोपताना जी. ए. वाचते. वहिनी आणि मी दर रविवारी फोनवर बोलतो त्यावर, तिने 'पार्टनर' कितव्यांदा तरी काढलंय. दादा, तू काय वाचतोयस ते मला सांग. अर्णाळकर असले तरी सांग.