डॉक्टरकी आणि नगराध्यक्षपद

सर्बियातील एका लहान गावच्या डॉक्टर नगराध्यक्षांवरचा, त्यांना निव्वळ सेवाभावी म्हणणारा लेख वाचला. त्यांच्या रुग्णांनीच त्यांना थेट त्या पदावर बसवले, हे त्या लेखातील विधान 2004 च्या निवडणुकीपुरतेच खरे आहे. त्या वर्षी तेथे नगराध्यक्षाची निवड मतदार थेट करत होते, परंतु 2007 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने ही पद्धत बंद झाली आणि तेव्हापासून नगरपालिका सभेतील सदस्यच आपल्यातून नगराध्यक्ष निवडतात. त्यामुळे नंतरच्या काळात डॉक्टरांच्या लोकप्रियतेपेक्षा पक्षाच्या यादीतले स्थान आणि सभेतील आघाड्यांची जुळवाजुळव अधिक निर्णायक ठरली, आणि माझ्या मते त्यांच्या वारंवार झालेल्या पक्षांतरांचा उलगडाही येथेच होतो.

दुसरी गोष्ट लेखात आलीच नाही, याची खंत वाटते. 2005 च्या आरोग्यसेवा कायद्यानंतर प्राथमिक आरोग्यकेंद्रे नगरपालिकांच्या अखत्यारीत आली होती आणि त्यांच्या संचालकाची नेमणूकही नगरपालिकाच करत असे; म्हणजे दवाखान्यातून राजकारणात गेलेल्या माणसाच्या हाती आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या नेमणुका येत. 2019 च्या कायद्याने हा अधिकार काढून घेतला गेला. अशा सत्तेचा त्यांनी कसा वापर केला, हे तपासल्याशिवाय त्यांना निव्वळ सेवाभावी म्हणणे मला घाईचे वाटते.