रावेरच्या लोडिंगची तक्रार: आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की गाडी माल भरायच्या धक्क्याला लागताच ‘फुस्स’ करून चार बोटं खाली बसली, लोडिंग चालू असताना पुढे सरकली, केळीची अकरा खोकी पडली, आणि सगळं भरून झाल्यावरही ड्रायव्हर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभा होता. म्हणजे आम्ही बिघडलेली गाडी पाठवली.

खोकी पडली ती आमच्या चुकीने. त्यांचे पैसे भाड्यातून वजा केले आहेत. पण गाडी बिघडलेली नव्हती.

ती खाली बसली, कारण ड्रायव्हरने बलूनची (स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशव्यांची) हवा मुद्दाम सोडली होती, आणि ते बरोबरच होतं. हवा ठेवून माल भरायला घेतला तर पॅलेट (खोकी रचलेली फळी) आत गेली की मागची बाजू दबते, उंची राखणारा व्हॉल्व्ह हवा भरून तिला परत उचलतो. या खाली-वर होण्यात ॲक्सलचा आर्म फिरतो, हँडब्रेकने जखडलेली चाकं त्याच्यासोबत जराशी फिरतात आणि गाडी धक्क्यापासून थोडी सुटते. असं वीस पॅलेटला होत राहिलं तर? हवा काढली की चेसिस रबरी ठोकळ्यांवर टेकते, मग ती जागची हलत नाही.

चूक त्यानंतर झाली. धक्का आणि गाडी समपातळीत यावी म्हणून तुमच्या माणसांनी हवा भरायला सांगितली, आणि त्याने भरली. सातव्या पॅलेटला फट पडली, पॅलेट ओढायच्या हातगाडीचं पुढचं चाक त्यात अडकलं आणि वरचे थर कलंडले. तुमच्या माणसांना मी बोल लावत नाही. मे महिन्याचं ऊन, रीफरचं (थंड कंटेनरचं) दार सताड उघडं, आत 13-14 अंश राखायचे, घाई होणारच. ड्रायव्हरने नाही म्हणायला हवं होतं. आणि चार बोटांच्या फरकावर टाकायला चेकर प्लेट (खरबरीत लोखंडी पत्रा) मी गाडीत द्यायला हवी होती. ती दिलेली नव्हती.

निघतानाच्या दहा मिनिटांबद्दल मात्र मी त्याच्या बाजूने आहे. इंजिनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा आधी ब्रेकच्या टाक्यांना जाते, मग बलूनला. बलून रिकामे असताना गाडी काढली तर त्यांचं रबर चेंगरतं आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट केळीला बसतो. तो मार त्या दिवशी दिसत नाही. माल पिकला की काळे डाग दिसतात, आणि तेव्हा बोलणी तुम्हालाच खावी लागतात. बंदरापर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर आहेत, भाऊ.

दोन्ही ट्रेलरमध्ये आता चेकर प्लेट ठेवली आहे. ड्रायव्हरकडून यार्डात रिकाम्या गाडीवर सगळं करून घेतलं: हवा सोड, प्लेट टाक, माल भर, व्हॉल्व्ह गाडी चालवायच्या जागी आण, दोन्ही बाजूंचे बलून उतरून बघ, मग निघ. पुढच्या भरणीआधी धक्क्याची उंची तेवढी मोजून कळवा. त्या दिवशी मी स्वतः गाडीसोबत येतो.