दहा मिनिटांत व्हर्च्युअल मशीन? डिस्क पुसायची घाई नको

“जुना पीसी काढून टाकताय? डिस्क२व्हीएचडी चालवा. काम चालू ठेवा, दहा मिनिटांत अख्खं विंडोज जसंच्या तसं व्हर्च्युअल मशीन होतं, लायसन्ससकट. मग डिस्क खुशाल फॉरमॅट करा.” हा मेसेज बऱ्याच जणांनी पुढे ढकललाय. डिस्क२व्हीएचडी हे टूल डिस्कची एका फाइलमध्ये कॉपी करतं; ती फाइल मग व्हर्च्युअल मशीनला (व्हीएमला), म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या कॉम्प्युटरला, डिस्क म्हणून जोडायची. टूल उत्तमच आहे, मीही वापरतो. मेसेज मात्र अर्धवट आहे.

‘दहा मिनिटांत.’ 500 जीबी डेटा सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने उतरवला तरी सव्वा तासाच्या वर जातो. बाहेरची डिस्क यूएसबी 2.0 वर असेल तर चारेक तास धरा.

‘जसंच्या तसं.’ डिस्कवरचे बाइट तसेच येतात, हे खरं. पण विंडोज उठतं ते हार्डवेअरच्या भरवशावर, आणि ते तर पूर्ण बदललेलं असतं. माझ्या एका विंडोज 7 मशीनची कॉपी बिनबोभाट झाली. व्हीएम सुरू केलं, विंडोजचा लोगो दिसला आणि लगेच निळी स्क्रीन: 0x0000007B. जुन्या मशीनची डिस्क बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आयडीई या जुन्या जोडणीच्या मोडवर होती, मी व्हीएममध्ये ती साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरला जोडली होती. त्यासाठी लागणारा एमएसएएचसीआय ड्रायव्हर विंडोजमध्ये होता, पण बूटच्या वेळी लोड होत नव्हता, कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्याची ‘स्टार्ट’ किंमत 0 ऐवजी 3 होती. डिस्क आयडीई कंट्रोलरवर हलवली आणि मशीन उठलं. कारण कळेपर्यंत अर्धा दिवस गेला, तो वेगळा. यूईएफआयचंही, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचंही, असंच. मूळ विंडोज यूईएफआयवर असेल तर हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘जनरेशन 2’ हा मशीनचा प्रकार निवडावा लागतो, आणि मशीन एकदा बनवलं की जनरेशन बदलता येत नाही.

‘लायसन्ससकट.’ पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या पीसीशीच बांधलेलं असतं. व्हीएममध्ये विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हलवता येतं, तेही जुन्या मशीनवरून काढून.

‘काम चालू ठेवा.’ हे चालतं, श्रेय विंडोजच्या शॅडो कॉपी या सोयीचं. पण ती एका क्षणाचा फोटो असते. कॉपी अकराला सुरू झाली आणि बाराला तुम्ही एक्सेल फाइल सेव्ह केली, तर ती व्हीएममध्ये नाही. ती फक्त त्या डिस्कवर आहे, जी मेसेज फॉरमॅट करायला सांगतोय.

आणि कॉपीची फाइल नीट बनली का हे बघायला ती त्याच पीसीवर जोडू नका. एकाच सिग्नेचरच्या (डिस्कच्या ओळख क्रमांकाच्या) दोन डिस्क दिसल्या की विंडोज नव्या डिस्कची सिग्नेचर बदलतं, बूटची नोंद जुन्याच सिग्नेचरकडे बोट दाखवत राहते आणि चांगली कॉपी उठेनाशी होते. दुसऱ्या मशीनवर, नेटवर्क तोडून व्हीएम चालवा, लॉगिन करा, रोजचं सॉफ्टवेअर उघडून बघा. तोवर जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा.