आधी विचारा, तू जेवलीस का?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

दवाखान्यात नंबर लावून बसले होते. समोर एक मुलगी, असेल सतराची, पोट दिसायला लागलेलं. हातात वेफर्सचं पाकीट. आवाज होऊ नये म्हणून एकेक वेफर आधी ओठांत धरून मऊ करायची आणि मग खायची. तरी शेजारच्या बाईंना दिसलंच. "अगं, हे काय खातेस? पोटातल्याचा तरी विचार कर!" मुलीने पाकिटाची घडी घातली, पर्समध्ये टाकलं आणि खाली मान घालून बसली. बाई समाधानाने मोबाईल बघायला लागल्या.

झालं पोषण!

ते बिनआवाजाचं खाणं मला चांगलं ओळखू येतं. सतराव्या वर्षी मीही तसंच खायचे. पोट दिसू नये म्हणून सुरुवातीचे महिने निम्मं ताट परत करायचे. सकाळी उलट्या, म्हणून सकाळचं खाणं बंद. दुपारी सगळ्यांसमोर बसायची लाज, म्हणून 'भूक नाही'. आणि रात्री अंधारात डबे चाचपायचे, हाताला लागतील ती बिस्किटं. 'बाळाला लागतं, खा' हे रोज ऐकलं. 'तू जेवलीस का' हे कुणी विचारलं नाही.

अहो, सतराव्या वर्षी त्या पोरीचं स्वतःचं अंग अजून भरत असतं! हाडांत कॅल्शियम साठायची हीच वर्षं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या हिशेबाने गरोदर बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं, पण अठरापर्यंतच्या गरोदर मुलीला १३०० लागतं. एका ताटात दोन वाढती माणसं जेवत असतात. आणि आपण बोलतो फक्त एकाबद्दल.

वेफर्समध्ये मीठ-तेलापलीकडे फारसं काही नसतं, मान्य. या वयात ही वेळच येऊ नये, तेही मान्य. पण तिच्यावर ती आलीय ना? मग आता तिला उपाशी ठेवणार का?

गोळ्यांचंही तेच. फॉलिक अ‍ॅसिड खरं तर दिवस राहायच्या आधीपासून हवं, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. माझी पहिली गोळी पाचव्या महिन्यातली. लपवत होते ना! हिमोग्लोबिन ११ च्या बरंच खाली, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी शौचाला काळं होतं, पोट बांधलं जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. घाबरले आणि गोळ्या कुंडीत पुरल्या. जी एखादी घेतली तीही चहाबरोबर, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागायलाही अडचण. बोलणी मात्र पोटभर. मुलगी झाली २ किलो १०० ग्रॅमची. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजन. तेव्हाही दोष माझाच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण ती सिस्टर आठवली. सहाव्या महिन्यातल्या तपासणीला तिने वजनाचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लंस, सांग बघू." मी म्हटलं, बिस्किटं. वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "बरं. उद्यापासून बरोबर एक कप दूध घे. आणि एक अंडं जमेल? गोळी रात्री झोपताना घे, मग पोटात कमी ढवळेल." बिस्किटं बंद कर म्हणाली नाही. मी खरंच दूध प्यायला लागले. पुढच्या वेळी डाळ वाढवली, मग पालेभाजी, वर लिंबू पिळून. तिने प्रत्येक वेळी दोन-तीनच गोष्टी सांगितल्या. दहा सांगितल्या असत्या तर मी परत गेलेच नसते.

त्या बाईंचा हेतू वाईट नसेलही. असो.

आज माझ्या पिशवीत एक केळं होतं. उठले, त्या मुलीशेजारी जाऊन बसले आणि काही न बोलता तिच्यापुढे धरलं. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग सोललं, चार घासांत संपवलं. हात पुसून पर्समधलं ते घडी घातलेलं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे केलं.

खाल्ले की मी. चांगले कुरुम कुरुम आवाज करत.