माशीच्या ट्रोपोनिन सी ला चार कॅल्शियम? छे!

डंबेलच्या आकाराचं प्रोटीन, त्यात कॅल्शियमचे चार गोळे, असं एक चित्र सध्या जोरात शेअर होतंय. हे प्रोटीन म्हणजे ट्रोपोनिन सी, कॅल्शियम आल्याची खबर स्नायूला देणारं. खाली चार वाक्यं आहेत. माशीच्या उडण्याच्या स्नायूतल्या ट्रोपोनिन सी ला चार कॅल्शियम चिकटतात. रचना आपल्यासारखी म्हणजे काम पण आपल्यासारखंच. पंखाच्या प्रत्येक फडफडीला कॅल्शियमचा एक झटका. आणि म्हणून माशीच्या स्नायूतला कॅल्शियम परत खेचणारा पंप प्राण्यांत सगळ्यात फास्ट. चारही चूक आहेत, आणि पहिलं चुकलं की बाकीची तीन त्याच्या मागोमाग घसरतात.

आधी पहिलं घेऊ, कारण खरी मजा तिथेच आहे. ट्रोपोनिन सी मध्ये ईएफ हॅन्ड नावाची चार वळणं असतात, म्हणजे एक हेलिक्स (स्प्रिंगसारखा पीळ), मग लूप, मग परत हेलिक्स (ही घडी पहिल्यांदा दिसली ती कार्प माशाच्या पार्वाल्ब्युमिन या प्रोटीनमध्ये, १९७३ मध्ये). लूपमध्ये १२ अमिनो ॲसिड्स, आणि कॅल्शियम नीट बसायचं तर त्याच्याभोवती साधारण सात ऑक्सिजन लागतात, ते येतात १, ३, ५, ७, ९ आणि १२ नंबरच्या जागांवरून, त्यातलं बाराव्या जागेवरचं ग्लुटामेट एकटंच दोन ऑक्सिजन देतं. आता यातलं एखाद-दुसरं मोक्याचं अमिनो ॲसिड बदललं की काय होतं? घडी दिसायला तशीच राहते पण कॅल्शियम काही टिकत नाही. थोडक्यात चार ईएफ हॅन्ड म्हणजे चार कॅल्शियम हे गणितच मुळात फसवं आहे. माशीपर्यंत जायची पण गरज नाही, आपल्या स्वतःच्या हृदयातल्या ट्रोपोनिन सी ची पहिली जागा बाद आहे, तिथे तीनच बसतात. चार बसतात ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या हातापायाच्या फास्ट स्नायूंमध्ये, आणि पोस्टमधलं चित्र उघडउघड तिथलंच आहे, माशीचं नाहीच. 

किड्यांमध्ये साधारणपणे पहिली आणि तिसरी जागा बाद असते. उरल्या दोन, दुसरी आणि चौथी. आणि उडण्याच्या स्नायूत याच्याही पुढची गोष्ट आहे.

याचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय तो लेथोसेरसवर, हा पाण्यात राहणारा ढेकणाच्या जातकुळीतला मोठ्ठा किडा, त्याच्या स्नायूचे तंतू लांब असतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून नंतर वापरता येतात म्हणून संशोधकांचा लाडका. त्याच्या उडण्याच्या स्नायूत ट्रोपोनिन सी दोन प्रकारचा असतो, एफ१ आणि एफ२. एफ२ ला दोन कॅल्शियम, एक दुसऱ्या जागी आणि एक चौथ्या. एफ१ ला फक्त एक, चौथ्या जागी. आणि जास्त प्रमाणात आहे तो एफ१! फळमाशीतही या एफ१ सारखा ट्रोपोनिन सी उडण्याच्या स्नायूत आहेच.

इथेच दुसरं वाक्य पडतं. आपल्या स्नायूत नेमकं काय होतं तर कॅल्शियम एन टोकाच्या (प्रोटीनची साखळी सुरू होते ते टोक) अर्ध्या भागात बसतं, तो भाग उघडतो, आतला तेलकट खड्डा दिसायला लागतो, ट्रोपोनिन आय या जोडीदार प्रोटीनचा तुकडा त्यात येऊन बसतो, मग ट्रोपोमायोसिन नावाची दोरी ॲक्टिनच्या धाग्यावरून सरकते आणि जोर लावणाऱ्या मायोसिनला वाट मिळते. सगळा खेळ एन टोकाच्या उघडण्यावर. आता २०१० मध्ये एनएमआरने (चुंबक वापरून रेणूची रचना काढायची पद्धत) एफ१ ची रचना काढली गेली तेव्हा दिसलं की त्याचं एन टोक बंदच आहे, तिथे कॅल्शियम बसतच नाही मग उघडायला सांगणार कोण. एकमेव कॅल्शियम जातं ते सी टोकाला, म्हणजे साखळीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे आपल्याकडे जे टोक स्विचचं काम करतं तेच इथे कॅल्शियमला दाद देत नाही, आणि लोक म्हणतायत काम सेम! लांबून घडी सारखी दिसते एवढंच साम्य.

बरं हे नुसतं रचनेवरून काढलेलं अनुमान नाहीये. २००४ मध्ये बेलिंडा बुलर्ड यांच्या टीमने लेथोसेरसच्या तंतूंमधला मूळचा ट्रोपोनिन सी काढून तिथे एकदा एफ१ घातला, एकदा एफ२. नुसता एफ२ असलेला तंतू कॅल्शियम दिलं की ताण धरायचा, म्हणजे आपल्या स्नायूसारखा. नुसता एफ१ असलेला तंतू नुसत्या कॅल्शियमला फारसा हलायचा नाही, त्याला थोडं ओढलं की मग जोर यायचा. तेच प्रोटीन कुटुंब, तोच तंतू, आणि ट्रोपोनिन सी बदलल्यावर स्नायू कशाचं ऐकतो तेच बदललं. मला विचाराल तर पोस्ट करायचीच होती तर या प्रयोगाची करायला हवी होती.

तिसरं वाक्य, फडफडीमागे झटका. हे तर १९४९ मध्येच निकालात निघालंय. प्रिंगल या शास्त्रज्ञांनी माशीच्या स्नायूतले नर्व्हचे सिग्नल मोजले आणि ते पंखांच्या ठोक्यांशी जुळेचनात, ठोके कितीतरी जास्त. फळमाशी सेकंदाला साधारण २०० वेळा पंख हलवते आणि त्या स्नायूंना नर्व्हचे सिग्नल येतात सेकंदाला पाचेक. मग बाकीचे ठोके कुठून? छातीत दोन स्नायूसंच एकमेकांविरुद्ध लावलेले असतात, एक आखडला की छातीच्या कवचाचा आकार बदलतो आणि दुसरा ताणला जातो, ताणलेला थोड्या उशिराने जोर लावतो, मग पहिला ताणला जातो, असं चालूच राहतं. ताण म्हणजे तरी किती, लांबीच्या दोन-चार टक्के. गाडीची चावी फिरवल्यावर इंजिन चालू होतं पण पिस्टनच्या दर फेरीला कोणी चावी फिरवत बसत नाही, कॅल्शियमचं इथे तसंच आहे. ओढल्याची बातमी प्रोटीनपर्यंत पोचते कशी, तर २०११ मध्ये लेथोसेरसच्याच तंतूंवर एक्स-रे डिफ्रॅक्शन करून मायोसिन आणि ट्रोपोनिन यांच्यात थेट पूल असल्याचा पुरावा मिळाला, तंतू ओढला की तो पूल ट्रोपोनिनला पण ओढणार.

आता काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की मग कॅल्शियम लागतच नाही. असं पण नाही हो. कॅल्शियम पूर्ण काढून घेतलं तर कितीही ओढा, तंतू ढिम्म. उडताना कॅल्शियमची पातळी वर राहते, दर ठोक्याला वरखाली होत नाही, आणि ती किती वर आहे त्यावर स्नायूची ताकद कमीजास्त होते.

चौथं वाक्य दोन ओळींत संपतं. अशा असिंक्रोनस स्नायूत, म्हणजे ज्यात ठोके आणि नर्व्हचे सिग्नल एकास एक जुळत नाहीत त्यात, कॅल्शियम साठवणारं आणि परत खेचणारं सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम उलट अगदी थोडं असतं. दर ठोक्याला कॅल्शियम सोडायचं-ओढायचं नाही म्हटल्यावर त्याला जागा कशाला द्यायची, ती जागा तंतूंना आणि मायटोकाँड्रियाला मिळते.

दर ठोक्याला खरंच सिग्नल आणि कॅल्शियमचा झटका लागणारे फास्ट स्नायू आहेत बरं का. रॅटलस्नेकची शेपटी, टोडफिशचा आवाज काढणारा स्नायू, आणि किड्यांतच बघायचं तर सिकाडा (झाडावर बसून किर्रर्र आवाज काढणारा किडा), त्याच्या एका जातीत आवाजाचा स्नायू सिंक्रोनस असूनही सेकंदाला ५०० च्या वर चालतो असं १९८५ मध्ये मोजलंय. पोस्टमध्ये माशीच्या पंखाच्या जागी त्या सिकाडाचा आवाजाचा स्नायू टाकला असता तर तिसरं वाक्य बरोबर ठरलं असतं, चित्र मात्र तरीही बदलावंच लागलं असतं.