आधी रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला. पार्किंगमध्ये मुलं "कोयता-कोयता" खेळतात, आयांनी लक्ष द्यावं, हल्ली संस्कार कमी पडतायत, आणि खाली हात जोडल्याचे इमोजी. आयांनी हं. बाप बहुतेक सगळ्यांचे बोटीवर असतात.

तो खेळ मी स्वतः पाहिलाय. परवा भाजी घेऊन येत होते तर पार्किंगमध्ये नुसता धुडगूस, पुठ्ठ्याचे कोयते, छान कापलेले, वर चॉकलेटची चांदी चिकटवलेली. दोघं गाडीवरून यायचे म्हणजे तोंडाने ढुर्र करत पळत यायचे, तिसरा टपरीवाला, त्याची टपरी फोडायची. इथपर्यंत ठीक आहे, पोरं आहेत. पण आमचे चिरंजीव, इयत्ता तिसरी, जिन्याच्या कठड्यावर चढून नुसते उभे, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. म्हटलं तू का नाही रे खेळत? तर ओठ न हलवता म्हणतो, "आई, मी सीसीटीव्ही आहे, मला बोलता येत नाही." आणि बाकीचे ओरडतायत, परत दाखव, परत दाखव! मग ते दोघं उलटे चालत मागे जायचे आणि टपरी पुन्हा फोडायचे, या वेळी स्लो मोशनमध्ये.

आता सांगा, हे कुठून आलं? आमच्या पुण्यातल्या धायरीत त्यांच्यासमोर अजून तरी कुणी कोयता काढलेला नाही. हे सगळं रात्री साडेआठच्या बातम्यांतलं आहे, पोरांच्या ताटात वरणभात आणि समोर कोयतेवाल्यांनी टपरी फोडल्याची सीसीटीव्ही क्लिप, त्यावर लाल गोल, बाण, मागे ढॅण्टढॅण म्युझिक, आणि तेवढीच क्लिप अर्धा तास गरागरा फिरते. आणि ज्या काकांना संस्कार आठवले ना, त्यांच्या हॉलमधला अँकर आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीच्या वरून ऐकू येतो. लॉबीत वॉचमनच्या डोक्यावर जो टीव्ही लावलाय त्यावरही तेच, लिफ्टची वाट बघता बघता एखादा मर्डर होऊन जातो.

टीव्ही आणि मुलं म्हटलं की सगळे कार्टूनवर घसरतात. अहो कार्टून मुलांनी लावलेलं असतं, बातम्या आपण लावतो.

आता कमेंटमध्ये येणारच, आम्हीपण मारधाड बघतच मोठे झालो. झालो ना. १९८७ ला रामायण लागलं तेव्हा वाड्यातल्या प्रत्येक खराट्याच्या काड्या गायब होत्या, आणि बरं, मान्य, एकाच्या डोळ्याला लागलंही होतं. पण ते रविवारी सकाळी एकदाच लागायचं, कोण कुणाला का मारतोय ते कळायचं, आणि मग टीव्ही बंद. १९९७ मध्ये शक्तिमान आला, पोरं गोल गोल फिरायला लागली, तेव्हा तो स्वतः येऊन सांगायचा तरी की बाळांनो असं घरी करू नका. त्या क्लिपमध्ये कोण येतं सांगायला? ज्याला लागलं त्याचं पुढे काय झालं, टाके किती पडले, त्याच्या घरी कोण रडलं, काही नाही. ब्रेक, आणि लगेच मसाल्याची जाहिरात.

सिनेमाला सर्टिफिकेट लागतं. वेबसिरीजवर २०२१ पासून ७+, १३+, १६+ असं लिहावं लागतं. बातम्यांना काहीच नाही. म्हणजे नियम आहे बरं का, केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत चक्क लिहिलंय की मुलांना योग्य नाही ते, मुलं जास्तीत जास्त टीव्ही बघतात त्या वेळी दाखवायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चॅनेल्सना पुन्हा लेखी समज दिली, रक्तबिक, मारहाण असली दृश्यं दाखवू नका म्हणून. साडेआठला लावून बघा, काय फरक पडलाय ते.

माझी समुपदेशक मैत्रीण लगेच मानसशास्त्रज्ञ बांडुरांचा १९६१ चा प्रयोग सांगते, मोठ्यांनी बाहुलीला बडवलं, मग पोरांनीही बडवलं. असेल. मला बडवणाऱ्या दोघांची तेवढी काळजी नाही वाटत, ते दमून पाणी प्यायला जातात. माझा सीसीटीव्ही झालाय त्याचं काय? टपरीवाला खाली पडून ओरडतोय आणि याला खेळाच्या नियमानुसार फक्त बघायचंय.

बातम्या दाखवूच नका असं म्हणत नाहीये मी. गावात काय चाललंय ते कळायला हवं, कोयतेवाले खरेच आहेत. पण एकदा सांगा ना, तोंडाने सांगा.

आणि आमच्याकडे अप्पा आहेत. सासरे. वय ८१, गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद, दिवसभर टीव्ही हीच काय ती सोबत. त्यांना बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही. काल जेवताना नुसतं म्हटलं, अप्पा, पोरगा जेवतोय तोवर जरा आवाज बंद करू का, तर त्यांनी चॅनेलच बदललं, कुस्ती लावली. नातू खूश, दोघंही खूश, मी काय बोलणार.

तर रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, काकांनी "मुलांचा पार्किंगमधील वावर" असा विषय घेतलाय. मी सेक्रेटरींना लॉबीतल्या टीव्हीचा विषय लेखी दिलाय. बी विंगवाल्यांनो, या जरा. दहाची वेळ आहे, पण कोरमअभावी तहकूब होऊन साडेदहाला तिथेच भरेल, तेव्हा साडेदहालाच या.