वॉकर मिळाला, पण तो मोरीच्या दारातून आत जात नाही

घरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. सांगली-मिरजेतल्या घरांत मी थेट मोरीपर्यंत जाते, कारण पेशंट बहुतेक वेळा तिथेच पडलेला असतो. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांना पुन्हा उभं करताना जे सतत दिसतं, ते आज सविस्तर लिहिते. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, व्यायाम नीट चाललेले असतात, आणि तरीही माणूस खाटेवरच राहतो. घरच त्याला चालू देत नाही.

मोरीचा उंबरा चार-सहा इंच उंच. दार इतकं अरुंद की वॉकर आडवा करावा लागतो, आणि आडवा केलेल्या वॉकरला धरून कुणी चालू शकत नाही. खाली गुळगुळीत फरशी, त्यावर साबणाचं पाणी. संडास उकिडवं बसायचा. उठताना धरायला काही नाही, म्हणून आजी नळाला धरून उठतात. कितीतरी बायका रात्री सुनेला उठवायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, मग अशक्तपणा, चक्कर, आणि पुन्हा पडणं. फाइलमध्ये आजाराचं नाव काहीही लिहिलेलं असो, सुरुवात त्या उंबऱ्यापाशी झालेली असते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. त्यातून चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा असं काही घेता येतं. चांगली योजना आहे. पण तो वॉकर ज्या दारातून जायचा, ते दार रुंद करायला कुणाकडेच पैसे नाहीत आणि कुणाच्याच खात्याचं ते काम नाही. मोडलेलं हाड जोडायला सरकारी योजनेतून मदत मिळू शकते. ते मोडू नये म्हणून भिंतीला स्टीलचा दांडा बसवायचा, तर तो खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा हे कुणी सांगत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

सगळ्यात खटकतं ते पुढे आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्याला सीबॅक म्हणतात. त्यात ६० वर्षांवरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? आंघोळ, कपडे, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? म्हणजे कुठल्या घरातली आजी पडण्याच्या बेतात आहे, हे आपल्या व्यवस्थेला आधीच विचारायचं सुचलेलं आहे. ‘होय’ असं उत्तर आलं की आजींना दवाखान्यात तपासणीला पाठवतात. त्यांच्या मोरीकडे गवंड्याला कुणी पाठवत नाही.

हे अशक्य नाही. पुण्यात वास्तुविशारदांनी १९९३ मध्ये सुरू केलेली शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्त्यांमध्ये ‘एक घर एक शौचालय’ हे काम करते. आमच्या सांगलीतही त्यांनी काम केलं आहे. आधी ते वस्तीचा घरनिहाय नकाशा करतात: कुणाकडे संडास आहे, कुणाकडे नाही, ड्रेनेजची लाइन कुठवर आली आहे. मग महापालिका लाइन टाकते, संस्था साहित्य दारात पोचवते आणि बांधकाम घरातली माणसं स्वतःच्या खर्चाने करून घेतात. मला यात तिसरा वाटा सर्वात मोलाचा वाटतो. स्वतःचा पैसा घातलेला संडास कुणी अडगळीची खोली करून टाकत नाही. आणि घरात संडास आल्यावर सगळ्यात जास्त सुटका होते ती म्हाताऱ्या आणि अधू माणसांचीच, कारण सार्वजनिक संडासापर्यंतचा अंधारातला, ओला रस्ता त्यांनाच पार होत नसतो.

उलट, सरकारी खाती एकमेकांशी न बोलता घरं बांधतात तेव्हा काय होतं, ते मुंबईत गोवंडी-मानखुर्दला दिसलं. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचतच नाही, आणि क्षयाचे रुग्ण त्याच खालच्या मजल्यांवर जास्त. लोकांना पक्की घरं मिळाली होती. पण त्यांचे आराखडे मंजूर होताना क्षयरोगाचा डॉक्टर त्या टेबलाशी बसला असता तर?

इंग्लंडमध्ये अपंग किंवा वयामुळे अधू झालेल्या माणसाच्या घरात रॅम्प, रुंद दार, सपाट न्हाणीघर करायला नगरपालिका अनुदान देते, ३०,००० पौंडांपर्यंत. २०१५ पासून हा पैसा आरोग्य आणि समाजसेवेच्या एकत्रित निधीतून येतो. तितका पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण आपल्या गरजाही तितक्या महाग नाहीत. दोन पक्के दांडे, उंबरा फोडून केलेला उतार, खरखरीत फरशी आणि रात्री चालू राहणारा एक छोटा दिवा, एवढ्यावर माझे निम्मे पेशंट स्वतःचे स्वतः मोरीत जाऊ लागतील.

पैसा कुठून? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातला एक हिस्सा घरातल्या अशा दुरुस्तीसाठी ठेवता येईल. यात एक खरी अडचण आहे: त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पक्षाघात झालेल्या काकांकडे तो असेल, पण नुसता तोल जाणाऱ्या आजींकडे नसेल. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल, आणि ती मागण्याचं काम ज्येष्ठ नागरिक संघांनी हाती घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहलींइतकाच उत्साह इथेही दाखवा.

बाकी माणसं तर जागच्या जागी आहेत. आशाताईंना घर माहीत आहे. फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकणारी मुलं आहेत, ती आजींना प्रत्यक्ष उठायला-बसायला लावून दांडा किती उंचीवर हवा ते ठरवतील. हे माप प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि टॉवेल टांगायचा दांडा म्हणजे धरायचा दांडा नव्हे, तो हाताशी उखडून येतो. पत्र्याच्या किंवा चार इंची विटेच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. तिथे जमिनीत रोवलेला खांबच लागतो, हे गवंड्याला आणि आयटीआयच्या पोरांना एकदा नीट शिकवावं लागेल. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. अशा वेळी एकट्या भाडेकरूने विनवण्या करण्यापेक्षा नगरसेवक, सोसायटीचे अध्यक्ष किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचे कुणी जाऊन बोलले की काम होतं. म्हणून हे एकेका घराने सोडवायचं प्रकरण नाही. यात दहा जणांचे हात लागतात आणि ते दहाही जण एकाच वॉर्डात राहत असतात.

सोसायट्यांबद्दल थोडंच. लिफ्ट बसवायला वर्षं लागतील, कळतं. पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रवेशाशी १:१२ उताराचा रॅम्प, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा विषय पुढच्या वार्षिक सभेत घ्या. तीन फुटांची घसरगुंडी करून तिला रॅम्प म्हणू नका, व्हीलचेअर त्यावरून उलटते.

गावाकडच्यांनी येत्या ग्रामसभेत एक लेखी प्रश्न द्यावा: मागच्या वर्षी ५ टक्के निधी किती जमा झाला, कशावर खर्च झाला, आणि त्यातून गावातल्या किती घरांत दांडे किंवा उतार बसवून मिळतील? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आशाताईंना सभेला आवर्जून बोलवा आणि कुठल्या घरांपासून सुरुवात करायची ते आधी त्यांना विचारा. सांगली-मिरज परिसरात कुणी हे करायला तयार असेल, तर घरं बघायला आणि मापं घ्यायला मी येईन, पैसे घेणार नाही. इनबॉक्समध्ये फक्त गावाचं किंवा वॉर्डाचं नाव कळवा.